बुजवलेला कोनाडा

पहिल्या रात्री मला वाटलं उंदीर आहे. आमच्या राजापूरकडच्या घरात उंदीर ही काही बातमी नाही, त्यामुळे मी कूस बदलली आणि पडून राहिलो, पण उंदीर मधे थांबतो, धावतो, काहीतरी पाडतो, हे तसं नव्हतं, हे एका लयीत चाललेलं. करकर, करकर, जरा थांबून परत करकर. कोरड्या भाजणीत बोटं फिरवल्यासारखं. शेवटी उठलो आणि भिंतीला कान लावला, तर त्या करकरीच्या मागे आणखी एक आवाज, अगदी खालच्या पट्टीतला, जुना फ्रिज चालू असल्यासारखा. आणि आमच्या माजघरात फ्रिज नाहीये.

ही 2023 च्या गणपतीतली गोष्ट. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता त्यामुळे गणपती चांगले उशिरा, 19 सप्टेंबरला, आणि मी 17 ला रात्री पुण्याहून पोचलो होतो. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. दरवर्षी आम्ही दोघं भाऊ बायकापोरांसकट जाऊन घर भरून टाकतो, पाच-सहा दिवस गोंधळ घालतो, आणि निघताना गाडीत बसल्यावर तोच एक विषय काढतो, आई आता बास झालं, चल पुण्याला. आई नारळाची पिशवी डिकीत ठेवते आणि म्हणते बघू.

सकाळी उजेडात पडवीच्या बाजूने जाऊन बघितलं. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, मातीत बांधलेली, पूर्वीच्या पद्धतीने हातभर जाड. दोन चिऱ्यांच्या सांध्यातली माती पावसाने धुवून गेली होती आणि तिथे अंगठा जाईल एवढं भोक. त्या भोकाच्या तोंडाशी एक गांधीलमाशी बसलेली, तोंड बाहेर करून, सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखी. काळी कुळकुळीत, डोकं तपकिरी, आणि पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा, रिबिन बांधल्यासारखा. बोटाच्या पेराहून मोठी. मी तीन-चार मिनिटं उभा होतो तेवढ्यात दहा-बारा आत गेल्या आणि तेवढ्याच बाहेर आल्या. एकीच्या पुढच्या पायांत काहीतरी फिकट, चावून चावून गोळा केलेलं. वॉचमनने तिला जरा हुंगलं आणि आत सोडलं.

आता तो गोळा ती स्वतःसाठी नेत नव्हती. मोठ्या गांधिलीची कंबर इतकी बारीक असते की घट्ट अन्न त्यातून पलीकडे पोटात उतरतच नाही. मांस सगळं अळ्यांना, आणि अळ्या बदल्यात तोंडातून एक पातळ रस देतात त्यावर मोठ्यांचं भागतं. म्हणजे आया पोरांना भरवतात आणि पोरं आयांना. आणि मी रात्रभर जी करकर ऐकली ती त्या अळ्यांची होती. भूक लागली की त्या आपला जबडा खोलीच्या कागदी भिंतीवर घासतात, शेकडो अळ्या एकदम. थोडक्यात ताटं वाजवत होत्या. हे मला नंतर वाचून कळलं, त्या सकाळी कळलं असतं तर जरा कमी घाबरलो असतो की जास्त, सांगता येत नाही.

भिंतीत एवढी जागा आली कुठून याचं उत्तर मात्र मला लगेच मिळालं. माजघरात त्या जागी एक मोठा कोनाडा होता, आजीच्या वेळी त्यात रॉकेलची चिमणी असायची. 1994 साली आमच्याकडे टीव्ही आला आणि बाबांना एकदम वाटलं की कोनाडे मागासलेले दिसतात, म्हणून त्यांनी त्यावर प्लायवूड ठोकलं, वर सनमायका लावला आणि त्याच्यापुढे टीव्ही ठेवला. शेजारून स्विचबोर्डची पाइप नेली. मागे दीड-दोन फूट उंचीची पोकळी तशीच राहिली. आत अंधार, कोरडं, पावसाचा थेंब नाही, आणि पुढची तीसेक वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. मी गांधीलमाशी असतो तर डिपॉझिट भरून ठेवलं असतं.

आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "हो, आहेत तिथे." बस. मग मी बघायला लागलो आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. पडवीतली कपड्यांची दोरी पलीकडच्या खांबाला गेलेली. आईची खाट, जी माझ्या आठवणीत कायम माजघरात त्या भिंतीला लागून असायची, ती आतल्या खोलीत. पडवीतला चाळीसचा बल्ब काढून ठेवलेला, कारण रात्री उजेडावर येतात. हे सगळं चार दिवसांत झालेलं नव्हतं. ज्येष्ठात पहिली एकटीच आली, आईने सांगितलं, तीच मोठी, ये-जा करायची, मग पाऊस लागल्यावर ती दिसेना आणि बारक्या दिसायला लागल्या. बरोबरच आहे ते, राणी एकटी सुरुवात करते, पहिली पोरं कामाला लागली की ती परत बाहेर पडत नाही. आणि मधे अधिक महिना, म्हणजे आम्ही यायच्या आत त्यांना अख्खा एक महिना जास्त मिळालेला.

"अगं पण फोनवर सांगायचंस ना."

"सांगून काय? परत तोच विषय निघाला असता."

मी गप्प बसलो.

नावाबद्दल थोडं, कारण त्या दिवशी दुपारी दादाच्या मुलीने विचारलंच, गांधींचं नाव का दिलं हिला, ते तर अहिंसावाले. मग तिला सांगितलं की अंगावर पित्त उठून लाल पट्टे येतात त्याला आपण गांधी उठल्या म्हणतो, आणि ही चावली की तशीच टम्म गांध उठते, तर माझ्या मते नाव तिथलं असावं. तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, पण त्याहून चांगलं काही सुचलं नाही.

दादा 18 ला, हरतालिकेच्या दिवशी, सकाळी मुंबईहून आला. दादा इंजिनिअर आहे आणि समोर भोक दिसलं की ते बुजवायचं हा त्याचा स्वभाव आहे, घरातली निम्मी भांडणं त्याने अशीच मिटवलीयेत, म्हणजे वरून बुजवून. संध्याकाळी अंधार पडल्यावर, सगळ्या आत गेल्यात असं बघून, त्याने पांढरं सिमेंट कालवलं आणि भोक लिंपून टाकलं. वर बोटाने गुळगुळीत केलं. काम सुबक झालं होतं हे मान्य. आई स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत होती, एवढंच म्हणाली, "आणि त्या कुठून जायच्या?" दादा म्हणाला, जायच्याच नाहीत, हाच तर मुद्दा आहे.

तर ज्या कुणाच्या घरात भिंतीत गांधिली असतील त्यांनी एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी लेख विसरलात तरी चालेल: बाहेरचं भोक कधीही बुजवू नका. ही माशी रोज सकाळी उठून लाकूड खरवडते, तो भुसा थुंकीत मळून त्याचा कागद करते आणि त्याचं घर बांधते. लाकूड कुरतडणं हाच तिचा धंदा. तिला एका बाजूने कोंडलं तर ती दुसऱ्या बाजूने निघणार, आणि दुसरी बाजू म्हणजे तुमचं माजघर. तीस वर्षांचं जुनं प्लाय तिच्यापुढे पापड.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली, मूर्ती नेहमीच्या जागी, म्हणजे बरोबर त्या भिंतीच्या उजव्या हाताला, आणि आम्ही चौदा माणसांनी आरती सुरू केली. टाळ, झांजा, दादाच्या मुलाच्या हातात ताशा. पाठीमागच्या भिंतीला त्याचा काय हादरा बसत असेल याचा विचार कुणीच केला नाही. दुसऱ्या आरतीच्या मधे पहिली दिसली, स्विचबोर्डच्या फटीतून सावकाश बाहेर आली, मिशा साफ केल्या आणि ट्यूबलाइटकडे गेली. मग दुसरी. मग प्लायच्या खालच्या कोपऱ्यातून तीन-चार एकदम. दादाने खांद्यावरचं उपरणं काढून एकीला फटका मारला, आणि तिथे सगळं बिघडलं, कारण यांच्या विषातच बाकीच्यांना बोलावणारा वास असतो, एक डिवचली की तो वास सुटतो आणि ज्याच्या अंगावर तो लागला त्याच्याकडे बाकीच्या वळतात. मधमाशीची नांगी अडकते आणि ती मरते, गांधिलीचं तसं नाही, तिची नांगी मोकळी, ती पुन्हा पुन्हा मारू शकते. दादाला पाच ठिकाणी. कानाला, मानेला, हाताला तीन.

आरती अर्धी राहिली. सगळे बाहेर, दारं ओढून घेतली, आत फक्त गणपती आणि समई. आईने दादाच्या हातावर विळीचं पातं घासलं, कांदा चोळला, आणि मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, कारण कान भजीसारखा फुगला होता आणि तो दोनदा म्हणाला की छातीत कसंतरी होतंय. डॉक्टर तरुण होती, तिने आधी श्वास आणि बीपी बघितलं, इंजेक्शन दिलं, दोन तास बसवून ठेवलं. कांद्यावर ती काही बोलली नाही. एवढंच म्हणाली की एखाद्याला याची अॅलर्जी असेल तर एक डंख पण पुरतो, श्वास बंद होतो, तिथे घरगुती काही करत बसायचं नाही, अॅड्रेनलिनच लागतं, आणि खूप डंख झाले तर अॅलर्जी नसली तरी किडनीवर येऊ शकतं, म्हणून दोन दिवस लघवीचा रंग बघा, काळपट लाल वाटली तर रात्री-बेरात्री या. दादा पुढचे दोन दिवस प्रत्येक वेळी बाथरूममधून येऊन वहिनीला रिपोर्ट द्यायचा. नॉर्मल. नॉर्मल.

परत आलो तेव्हा शेजारचे अण्णा पडवीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी त्यांची वाट मोकळी करून द्या, मग बघू. सल्ले तोपर्यंत भरपूर जमा झाले होते, सायकलच्या ट्यूबचा धूर करा, रॉकेल ओता, पलिता लावा (वर सगळे सागाचे वासे, पलिता लावून गांधिली गेल्या असत्या आणि घरही). अण्णांचं त्यातलं काही नव्हतं. रात्री साडेअकराला मी आणि अण्णा, अंगात रेनकोट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, मी डोक्याला हेल्मेट आणि अण्णांनी आईची जुनी मच्छरदाणी गुंडाळलेली. बॅटरीवर मखराचा उरलेला लाल जिलेटीन कागद दोन घड्या करून बांधला, कारण या किड्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, हे अण्णांना कसं माहीत होतं देव जाणे. त्यांनी पहारीचं टोक सिमेंटच्या खालच्या सांध्यात घातलं आणि मातीच तेवढी हळूहळू ओढून काढली, चिऱ्याला धक्का न देता. दहा मिनिटं लागली असतील, मला तास वाटला. शेवटी दादाचं सुबक काम एका तुकड्यात निघून खाली पडलं. आतून तोच आवाज, खालच्या पट्टीतला, जरा चढला, मग परत उतरला. आम्ही पाऊल न वाजवता मागे आलो.

सकाळी वॉचमन जागेवर हजर.

मग स्विचबोर्डला आणि प्लायच्या चारी कडांना ब्राऊन टेप मारला, तीन-तीन थर. आत राहिलेल्या आठ-दहा जणी खिडकीकडे गेल्या होत्या, खिडकी उघडून त्यांना जाऊ दिलं. गणपती हलवता येत नव्हता, एकदा बसवला की उत्तरपूजेपर्यंत जागचा हलवायचा नाही, त्यामुळे पुढची सगळी पूजा-आरती हळू आवाजात झाली, झांजा बंद, ताशा जप्त, चौदा माणसं ओटीवरून माजघराच्या दारातून वाकून बघत सुखकर्ता दुखहर्ता कुजबुजतायत. इतकी शांत आरती मी आयुष्यात ऐकली नाही. शब्द पहिल्यांदा नीट कळले.

पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला संध्याकाळी येऊन भोकात पावडर मारतो, येता-जाता पायाला लागते, आत सगळीकडे पसरते, दोन-तीन दिवसांत खलास. मी काही भूतदयेचा पुतळा नाही, पुण्यात असतो किंवा घरात कुणाला अॅलर्जी निघाली असती तर पहिल्याच दिवशी बोलावलं असतं, आणि तुम्हीही बोलवा, रात्री हेल्मेट घालून हिरोगिरी करू नका. पण आई नको म्हणाली. थंडी पडली की ओस पडतं ते, आपोआप जातात, मांगराच्या भिंतीत एकदा होत्या तेव्हा तसंच झालं होतं. वर म्हणाली, "आणि भिंतीत राहणारी माशी तर अवधूताची गुरू होती."

हे आईचं हुकमी पान. त्या वर्षी दोन श्रावण, म्हणजे तिचं एकनाथी भागवत अगदी सावकाश, चवीने वाचून झालेलं. अवधूताने 24 गुरू केले त्यातली शेवटची ही माशी, ती एका किड्याला भिंतीतल्या घरात कोंडते आणि किडा भीतीने तिचंच ध्यान करत करत तिच्यासारखा होऊन बाहेर येतो. मूळ श्लोकात शब्दच 'कुड्यां' आहे, आपल्या कुडाच्या घरातला कूड तोच. मी आईला म्हटलं, ती ही नव्हे, ती कुंभारीण, मातीचं घर करणारी, आणि आत गेलेला किडा माशी बिशी होत नाही, कुंभारीण त्याला नांगी मारून लुळा करते, मारत नाही कारण ताजा राहायला हवा, त्याच घरात अंडं घालते, तोंड लिंपते, आणि आतली अळी त्याला खाऊन मोठी होते. जो आत गेला तो बाहेर येतच नाही, बाहेर येतं ते दुसरंच कुणीतरी. आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "असेल. पण बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसणार ना."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आईची अजून एक गोष्ट. ती म्हणाली होती की यंदा पडवीच्या वाशांना छोटी पोळी लागलीच नाहीत, ती दरवर्षी असतात ती, तांबूस बारीक गांधिलींची. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पुण्यात आल्यावर वाचलं तर ही पिवळ्या पट्ट्याची मोठी नेमकी त्यांचीच पोळी लुटते, अळ्या काढून आणते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी या बारक्या गांधिलींचा कित्येक दशकं अभ्यास केलाय, तिथे त्यांची पोळी जाळीच्या खोलीत ठेवतात, जाळीची भोकं अशी की बारक्या जातील-येतील पण ही मोठी आत शिरणार नाही. म्हणजे ज्यांनी जन्म घालवला त्यांनाही हिच्यासाठी जाळी लावावी लागली. आणि त्याच बारक्या गांधिलींमधली राणी, गदगकरांनी दाखवून दिलं, अजिबात दादागिरी करत नाही, कुणाला चावत नाही, हाकलत नाही, नुसतं वागणं बघून राणी कोण हे ओळखूच येत नाही. ती गेली की मात्र एकजण लगेच आक्रमक होते, आणि बाकीच्या तिला काही न बोलता मान्य करतात. हे वाचताना मला आमच्या घरात बाबा मोठ्याने बोलायचे आणि शेवटी आईला हवं तेच व्हायचं ते आठवलं, पण ते असो.

23 ला गौरी-गणपती गेले, 24 ला आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर यंदा कुणी तो विषय काढला नाही. दादा कान सांभाळत मुकाट बसला होता. घरात मागे आई, आणि टेपच्या पलीकडे त्या, तीन-चारशे तरी असतील.

जानेवारीत परत गेलो, दादा आणि मी दोघंच. भोकावर दोन दिवस पाळत ठेवली, कुणी नाही. मग प्लाय उचकटलं. कोनाडाभर ते घर होतं, कोनाड्याच्याच आकाराचं, वर कमान तशी त्याचीही कमान. हाताने उचललं तर पापडाच्या चळतीएवढं वजन. आत एकाखाली एक पाच मजले, षटकोनी खोल्यांची तोंडं सगळी खाली, काहींवर रेशमाची पांढरी टोपणं तशीच. बाहेरच्या आवरणावर पट्टे, फिकट, गडद, परत फिकट, प्रत्येक पट्टा वेगळ्या लाकडाचा, कुठे आंबा, कुठे कुजका वासा, ज्या दिवशी जे मिळालं ते. 1719 साली फ्रान्समध्ये रेओम्यूरने गांधिलींचं घर बघूनच सुचवलं होतं की कागद चिंध्यांऐवजी लाकडापासून करता येईल, ते मला आधी थापेसारखं वाटायचं, हातात घेतल्यावर नाही वाटलं, तो खरोखरचा कागद होता, चिमटीत धरला तर चुरचुर वाजणारा. आणि एका बाजूला, दोन बोटं रुंद, निळा पट्टा. दादाने तो ओळखला. पडवीच्या खिडकीची चौकट, बाबांनी ऑइलपेंट मारलेली, त्यांच्या शेवटच्या मे महिन्यात. जाऊन बघितलं तर चौकटीच्या खालच्या कडेला ओळीने खरवडल्याच्या बारीक रेघा.

आईने ते घर परसात केळीखाली ठेवायला सांगितलं, पावसात विरघळून जाईल म्हणाली. गवंडी आला, त्याने बाहेरचे सांधे भरले. ही वेळ बरोबर, ओस पडल्यावर भरायचे, जुन्या घरात त्या परत राहत नाहीत पण पोकळी मोकळी असेल तर नवीन राणी येऊन नवीन थाटू शकते. दादाने नवीन प्लायचं माप घ्यायला टेप काढला तर आई म्हणाली, राहू दे उघडाच. आता त्या कोनाड्यात तिचा मोबाइल चार्जिंगला असतो, शेजारी मशेरीची डबी आणि चष्मा.

परवा रविवारी फोन केला. ज्येष्ठ लागलाय, पाऊस अजून नाही, आंबे संपले, फणस खायला माणूस नाही, असं सगळं सांगून झालं. मी म्हटलं, बाकी काय, ती म्हणाली काही नाही. ते काही नाही जरा पटकन आलं.

"आई, फोन जरा भिंतीला लाव बघू."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाली, "कुठल्या?"